निस्तारपत्रकाचं बारावं पान

धकातेबुवा सांगायचे, रुमालाची गाठ सोडताना घाई करू नये, आत माणसं झोपलेली असतात. कुमुदिनी लांजेवारने हे वाक्य नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, कीर्तन करणाऱ्या या अभिलेखपालाकडून ऐकलं. आता चौतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला तीन महिने उरले होते, आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात तिच्या डोळ्यांदेखत गाठ न सोडताच रुमाल वाचले जात होते.

रुमाल म्हणजे लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कक्षात असे दोन हजारांवर रुमाल होते. गेल्या चैत्रात बंदवाचक यंत्र आलं तेव्हा कपाटभर आकाराची ती पांढरी पेटी पाहून शिपाई डोमाजीने तिला हळद-कुंकू लावलं आणि 'अंतर्ज्ञानी महाराज' असं नाव ठेवलं. एका तोंडाने रुमाल आत जायचा, दुसऱ्याने जसाच्या तसा बाहेर यायचा, आणि मधल्या सात मिनिटांत आतलं पान न् पान पडद्यावर उमटायचं.

तत्त्व समजायला अवघड नव्हतं. उजेडाच्या लहरींपेक्षा लांब आणि रेडिओच्या लहरींपेक्षा आखूड अशा काही लहरी असतात. त्या कापडातून, कागदातून आरपार जातात, मात्र प्रत्येक पानावरून त्यांचा थोडासा अंश मागे फिरतो. वरच्या पानाचा पडसाद आधी येतो, खालच्याचा नंतर. हे अंतर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्शाचं; पण यंत्राला तेवढं पुरे. त्यावरून ते पानं वेगळी करतं. जिथे शाई असेल तिथे लहर अडखळते, आणि त्या अडखळण्यातून अक्षर उभं राहतं. कीर्तनात मागे बसलेल्या माणसाला बुवा दिसत नाहीत, पण झांजेच्या आवाजावरून ते गादीवर कुठवर पुढे आलेत हे कळतं ना, तसंच काहीसं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते नुसतं वाचनाचं यंत्र झालं असतं. पण शाई वर्षानुवर्षं कागदात मुरत जाते. किती मुरली हे मोजून यंत्र लिहिल्याचं साल सांगायचं, फार तर तीन वर्षं इकडेतिकडे. शिवाय अक्षराचं वळण, दाब, टाकाची ओढ पाहून ते प्रत्येक लिहिणाऱ्याला क्रमांक द्यायचं. सेवापुस्तकांतल्या सह्यांशी ताडून पाहिलं की त्या हाताचं नावही कळायचं.

याने भलं पुष्कळ झालं. दोन खोटी फेरफार-पत्रं पकडली गेली, एका म्हातारीचं शेत तिला परत मिळालं. कुमुदिनीने स्वतः त्या म्हातारीला पेढा भरवला होता. त्यामुळे यंत्रावर तिचा राग नव्हता. फक्त जुने कारकून प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री' लिहीत, ते यंत्र 'मजकुराबाहेरची खूण' म्हणून गाळून टाकायचं, तेवढं तिला लागायचं.

वाचलेलं सगळं 'एकदप्तर' नावाच्या प्रणालीत जायचं. राज्यातल्या सगळ्या खात्यांचं आता हे एकच दप्तर. त्यात असेल तो हक्क, नसेल तो नाही. मूळ कागद नव्वद दिवस ठेवायचे, मग लगद्याला पाठवायचे.

कार्तिकातल्या एका सकाळी सत्तेचाळीस नंबरचा रुमाल आत गेला आणि पडद्यावर तांबडी चौकट उमटली.

'मौजा चिचटोला. निस्तारपत्रक. दर्शनी साल १९२१. प्रत्यक्ष लेखन २०११. हात क्रमांक १४, य. धकाते, अभिलेखपाल. पान १२ फक्त हात क्रमांक १५, कु. लांजेवार, कनिष्ठ लिपिक. शेरा : बनावट.'

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. 'पान १२ वर डकवलेल्या चिठ्ठीखाली दडलेला मजकूर आढळला. नियमानुसार अभिलेखपालाच्या संमतीविना उघडता येत नाही. उघडावा काय?'

बुवांच्या जागी आता अभिलेखपाल असलेल्या कुमुदिनीने खुर्ची मागे सरकवली. डोमाजीने विचारलं, चहा आणू का बाई. तिने मान हलवली, पण हो म्हणाली की नाही हे त्याला काही कळलं नाही.

निस्तारपत्रक म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांचा कागद. तलावावर गुरं कुठे पाजायची, कुंभाराने माती कुठली न्यायची, गाळ कोणी उपसायचा, मासे आणि शिंगाडे कोणाचे. चिचटोल्याचा तलाव मोठा, आणि त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, चाळीस घरं. त्यांना जमीन नाही, तलाव हीच त्यांची शेती. माघ लागला की राज्यातल्या तलावांचे ठेके निघणार होते, आणि एकदप्तरात ज्यांचे हक्क नसतील ते तलाव सरसकट लिलावात जाणार होते.

नायब तहसीलदार कापगते यांनी तिला बोलावलं. तिशीही न ओलांडलेले, नीटनेटके, कुणाला अरे-तुरे न करणारे गृहस्थ. त्यांनी अहवाल तिच्याकडे वळवला आणि विचारलं की बारावं पान तुम्ही लिहिलंत हे खरं का. ती हो म्हणाली. कुणाच्या सांगण्यावरून? बुवांच्या. मूळ कागद कुठे आहे? वाळवीने खाल्ला. मग अहवाल का नाही गेला? यावर तिची नजर अहवालातल्या त्या बारीक ओळीकडे गेली.

"मॅडम," कापगते हळूच म्हणाले, "मी धकात्यांना पाहिलेलं नाही. पण आमच्या गावात अजून त्यांच्या कीर्तनाच्या गोष्टी सांगतात. म्हणून विचारतो. त्या चिठ्ठीखाली काय आहे?"

"मला माहीत नाही, साहेब."

हे खरं होतं. पण तिला जी भीती वाटत होती तीही खरी होती.

तिला तो दसरा आठवला. तेव्हा खंडेनवमीला कचेरीत दप्तरपूजन व्हायचं. बुवा सोवळं नेसून यायचे, अभिलेख कक्षात एका रुमालाला सगळ्या रुमालांच्या वतीने पाटावर बसवायचे, झेंडूची माळ घालायचे. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य, पाण्याने भरलेला कलश, वर आंब्याची पानं. मग सगळी कचेरी दाराशी उभी, आणि बुवा चिपळ्या घेऊन छोटंसं निरूपण करायचे की अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, आपण त्याचे राखणदार. तलाठी भाऊसाहेब डोळे पुसायचे, आणि तेच दुसऱ्या दिवशी सातबारा द्यायला लोकांना आठवडाभर फिरवायचे. बुवा हसून म्हणायचे, श्रवण झालंय, मनन व्हायचंय.

त्या वर्षी सत्तेचाळीस नंबरला मान मिळाला. पूजा झाली, बुवांना कीर्तनाच्या बोलावण्याची घाई होती, त्यांनी पाटासकट रुमाल खालच्या फळीवर सरकवला. कलशही तसाच, गूळही तसाच. कलश होता पाझरता. पुढे दिवाळीची सुट्टी आली. ओल आणि गूळ, वाळवीला आणखी काय हवं. सुट्टी संपल्यावर कुमुदिनीने गाठ सोडली तेव्हा आत माती होती.

बुवा तिथेच खाली बसले. छप्पन वर्षांचा, हजारांच्या सभेत न डगमगणारा माणूस, त्याच्या ओंजळीत ती माती. मी पूजा केली आणि देवच खाऊन टाकला, एवढं म्हणाले. ते लगेच अहवाल लिहायला बसले होते. कुमुदिनीनेच त्यांचा हात धरला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत बुवा, चौकशी लागेल, लोक म्हणतील मुद्दाम खाऊ घातला. अहवालाने पत्रक परत येणार आहे का? तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि आपण शहाणपणाचं बोलतोय असं तिला वाटलं होतं.

मग बुवांनी चिचटोल्याला सप्ताह लावला. चिचटोल्याची एक जुनी रीत होती. पोळा झाला की गाव पाळीवर बसायचं आणि जाणती माणसं निस्तारपत्रक तोंडपाठ म्हणायची, पोरांनी ते विसरू नये म्हणून. बुवांनी त्या रीतीला हात घातला. सात दिवस दुपारी मारुतीच्या देवळात कीर्तन, आणि सकाळी चावडीवाचन. चावडीवाचन ही तर सरकारचीच पद्धत, नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि हरकती घ्यायच्या. बुवांनी ती उलटी चालवली. वाचायला कागदच नव्हता, म्हणून गावाने सांगायचं आणि बुवांनी लिहायचं. दुसऱ्या सकाळी लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि हरकत घ्यायची. वादही झाले. कुंभाराची माती वडाच्या उजवीकडची की डावीकडची यावर दोन म्हातारे अर्धा तास भांडले, शेवटी एकाने कबूल केलं की तो म्हणतो तो वड पन्नास वर्षांपूर्वीच पडला. बुवांनी घेतलेला कागद कचेरीतलाच जुना कोरा होता, ओळी त्याच, साल तेच. हुबेहूब करायच्या नादात आपण खोटं साल लिहितोय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी बुवांचं मनगट सुजलं. बारावं पान कुमुदिनीने लिहिलं. ते ढिवरांच्या हक्काचं पान. ढिवरांचे जाणते एकेक कलम सांगत होते आणि मागे खांबाला टेकून सगुणा नान्हे बसली होती. तिचा नवरा त्याच पावसाळ्यात तलावात बुडाला होता. मांडीवर तान्हं पोर. विधवेला डोंग्यावर, म्हणजे होडीवर, जाता येत नाही, म्हणून पंचांनी तिचा मासळीचा हिस्सा बंद केला होता. ती काही मागत नव्हती, ऐकत होती नुसती. कुमुदिनीची आईही अशीच लोकांच्या मागे, खांबाला टेकून बसायची.

पान संपत आलं. खाली एका ओळीची जागा होती. कुमुदिनीने तीत लिहिलं : 'ढिवराच्या विधवेस तिच्या नवऱ्याचा मासे व शिंगाडे यांतील हिस्सा तहहयात राहील.'

दुसऱ्या सकाळी बुवा ते पान वाचत त्या ओळीशी आले. चष्म्यावरून एकदा त्यांनी कुमुदिनीकडे पाहिलं. थांबले. मग ओळ वाचली, आणि कुणी काही बोलायच्या आत नामाचा असा गजर सुरू केला की चावडीच्या कौलावरची कबुतरं उडाली. ढिवरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं की आपल्याला आठवत नाही ते दुसऱ्या कुणाला आठवलं असणार.

त्या ओळीबद्दल बुवा पुढे कधीही बोलले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले, पुढे सोळा वर्षांनी गेले. पण आज बुवांनी त्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीखाली काहीतरी होतं, आणि पान तिचं होतं. बुवांनी तिथे दुसरं काय लिहिलं असणार? त्यांना खोटं पचत नसे. ते उघडलं तर पत्रकात मनाचं घातलेलं आहे हे सिद्ध होणार, म्हणजे उरलेली तीस पानंही गेली. न उघडलं तर नव्वद दिवसांनी कागदाबरोबर ते गुपितही लगद्यात. तिला फक्त गप्प बसायचं होतं.

कापगते साहेबांनी नियम चाळले. तांबड्या शेऱ्याच्या कागदासाठी एक वाट होती, जाहीर वाचन. गावासमोर कागद वाचायचा, एकदप्तराचा कान लावून ठेवायचा, यंत्र बोललेलं टिपून घेणार आणि हरकती मोजणार; हरकत नसेल तर शेऱ्याचा फेरविचार होणार. कायदा करणारे चावडीवाचन मोडीत काढायला विसरले होते म्हणा ना. साहेब म्हणाले, वाचाल का तुम्ही? ती हो म्हणाली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी चिचटोल्याची चावडी भरली. कापगत्यांनी एकदप्तराचा तो कान, हाताएवढं उपकरण, मधल्या पाटावर ठेवलं. डोमाजीने सत्तेचाळीस नंबर डोक्यावरून आणला होता. कुमुदिनीने गाठ सोडली, घाई न करता.

तिने पहिलं कलम वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर श्वास घेतला. ती थांबली तशी समोरच्या म्हाताऱ्याने उरलेलं वाक्य पुरं केलं. सहज, जसं कीर्तनात बुवांनी चरण अर्धा सोडला की श्रोते तो पुरा करतात. मग तिने मुद्दामच अर्धं वाचायला सुरुवात केली. गुरांचा घाट, कुंभाराची माती, धोब्याचे दगड. ती सोडून द्यायची, गाव पुरं करायचं. मागची तरुण पोरंसुद्धा म्हणत होती. बुवांनी गेल्यानंतरही कीर्तन चालू ठेवलंय, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बारावं पान आलं. शेवटच्या ओळीचा पहिला शब्द तिने उच्चारला न उच्चारला तोच अख्ख्या चावडीने एका सुरात ती ओळ म्हटली. बत्तीस वर्षांत ती इतकी मुरली होती की तिचा सांधाही दिसत नव्हता.

आता पान उलटलं की सुटले. कुमुदिनीने पान धरलं आणि सोडून दिलं.

"ही ओळ जुन्या पत्रकात नव्हती," ती म्हणाली. "ही मी घातली. कुणी सांगितली नव्हती. बाकी सगळं तुमचं आहे, एवढी ओळ माझी. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

कापगत्यांनी उपकरणाकडे पाहिलं. ते टिपून घेतच होतं. एक म्हातारा ढिवर शेजाऱ्याला म्हणाला, मले तं वाटे हे तुह्या बापानं सांगतलं. शेजारी म्हणाला, आन् मले वाटे तुह्या. दोघंही हसू दाबत खाली पाहू लागले.

सगुणा नान्हे त्याच खांबाशी बसली होती. आता साठीला आली होती, केस पांढरे झाले होते. हात टेकून उठली.

"मले माहीत होतं, बाई."

कुमुदिनीने वर पाहिलं.

"माहा सासरा ते पान रोज म्हणे. मले पाठ होतं. त्यात हे नव्हतं. म्हणून तर मी बोलली नाई. बोलली असती तं माहा हिस्सा जाता आन् तुही नोकरी. तू मले झाकत होती, मी तुले." ती कापगत्यांकडे वळली. "पण आता सायेब, माह्या मागून सात बाया याच ओळीवर जगल्या. ओळ आधी नव्हती तं नव्हती. आता आहे ना जी?"

कापगत्यांनी उपकरणावर काहीतरी शोधलं, वाचलं, मग म्हणाले की निस्तारपत्रक हा वहिवाटीचा कागद आहे, बत्तीस वर्षं बिनहरकत चाललेली रीत ही वहिवाटच, तेव्हा तिचं साल २०११ लावता येईल. पण पत्रक लबाडीने केलं नव्हतं याला काही लेखी आधार लागेल. असं म्हणून त्यांनी कुमुदिनीकडे नजर टाकली.

काय विचारताहेत ते तिला कळलं. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. उपकरणाच्या पडद्यावर अजून थांबलेल्या 'उघडावा काय?' या प्रश्नाखाली तिने अंगठा टेकवला. डकवलेली चिठ्ठी होती तशीच राहिली आणि तिच्या पोटातली अक्षरं पडद्यावर वर आली, बुवांचं ते गोल, टपोरं वळण. तिला वाचवेना. साहेबांनी वाचलं.

"'अहवाल सादर की, रुमाल क्रमांक ४७ मधील चिचटोल्याचं पत्रक वाळवीने नष्ट झालं. कारण माझ्या हातचा पूजेचा कलश. गावाने सात दिवस सांगितलं ते लिहून घेतलं आहे. सांगणाऱ्यांची नावं खाली दिली आहेत. बाराव्या पानाची शेवटची ओळ कुणी सांगितलेली नाही, ती चिरंजीव कुमुदची आहे. सरकारी माणूस म्हणून मी ती खोडायला हवी होती. मी वाचली, थांबलो, आणि देवाला विचारलं. देव काही बोलला नाही, म्हणून मी गजर केला. मुलीने मला हा अहवाल पाठवू दिला नाही, तेव्हा तो इथे ठेवतो. जो उघडील त्याने चौकशी माझी करावी, मुलीची करू नये.'"

खाली एकोणतीस नावं होती. साहेबांनी ती एकेक करून वाचली. प्रत्येक नावाला चावडीतून कुणीतरी उत्तर देत होतं. माझा आजा. माझा चुलता. सगुणाच्या सासऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने पदर डोक्यावर ओढला.

कुमुदिनी खाली मान घालून बसली होती. बत्तीस वर्षं आपण एका म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं या समजात ती जगली होती.

"अजून एक ओळ आहे," कापगते म्हणाले. ते जरा अवघडले होते. "'वाचून झाल्यावर एकदा गजर करावा. आपला आज्ञाधारक, य. धकाते, अभिलेखपाल.'"

सूचना सरकारी कागदातली होती, तेव्हा ती पाळायला हवी असं डोमाजीला वाटलं असावं. त्याने हात वर केले. मग गाव उठलं. कुमुदिनीने टाळी धरली, आणि कधी न म्हटलेल्या माणसासारखे कापगते साहेबही ओठ हलवू लागले. कौलावर कबुतरं होती, ती आजही उडाली.

गजर थांबल्यावर पाटावरचं उपकरण दोनदा लुकलुकलं. पडद्यावर ओळ आली :

'वाचन पूर्ण. हरकती शून्य. शेवटी जमावाचा मोठा आवाज, अर्थ लागत नाही. हरकत म्हणून नोंदवावा काय?'

कापगत्यांनी ते उपकरण उचलून कुमुदिनीसमोर धरलं. तिने पदराने चष्मा पुसला, ओळ पुन्हा एकदा नीट वाचली, आणि 'नाही'वर बोट ठेवलं.